लिंक्डइनवरची पाटी आणि घरची शिकवणी

गेल्या वर्षी ईदनंतरच्या रविवारी आमची धाकटी बहीण माहेरी आली होती. जेवणे आटोपली, मुले अंगणात खेळायला गेली, तेव्हा तिने हळूच आपला मोबाइल आमच्यापुढे धरला. "बाजी, आठ महिने झाले. एकाही माणसानं विचारलं नाही. यात काय चुकतंय ते बघ ना जरा."

मोबाइलवर तिचे लिंक्डइनचे पान उघडे होते. फोटोच्या जागी रिकामे करडे वर्तुळ होते. नावाखाली एकच ओळ, 'एम.ए., बी.एड., सध्या गृहिणी'. त्याखाली दहावीपासूनच्या परीक्षा, साल आणि टक्केवारीसह. एखाद्या संस्थेच्या भरतीला अर्ज पाठवावा तसे ते पान दिसत होते.

आमची बहीण इंग्रजीची उत्तम शिक्षिका. नऊ वर्षे तिने एका माध्यमिक शाळेत शिकवले. मग सासूबाईंना पक्षाघात झाला. त्यांचे करायला घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणून तिने नोकरी सोडली. पुढे दोन वर्षांनी तिच्या शौहरची कतारमधील नोकरी सुटली आणि तेही परत आले. घरात येणारी रक्कम थांबली, औषधे मात्र दर महिन्याला लागतच होती. घर सोडता येत नाही, तर घरूनच शिकवावे असे तिने ठरवले.

लहान मुलांच्या शिकवण्या गल्लीत पुष्कळ आहेत. पण तिला आणखी एक गोष्ट चांगली जमत होती. मोठ्या माणसांना नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी बोलायला ती शिकवी. शौहरच्या ओळखीतल्या सात जणांची तयारी तिने करून घेतली होती, तीही एक पैसा न घेता. आता तेच काम फी घेऊन करायचे होते आणि त्यासाठी अनोळखी माणसांपर्यंत पोहोचायचे होते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आम्ही नोकरीत असलेले शिक्षक. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ प्रमाणे शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. त्यामुळे हे काम पूर्णपणे बहिणीचे आहे, आमची मदत तेवढी पान लिहिण्यापुरती. आमच्या वाचकांपैकी जे शाळेत नोकरीला आहेत त्यांनी हे कलम ध्यानात ठेवावे. नोकरी सोडलेल्या, निवृत्त झालेल्या किंवा घरी असलेल्या भगिनींसाठी मात्र पुढचा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

ही पेठ कोणाची?

लिंक्डइन अमेरिकेत २००३ साली सुरू झाले. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते २,६२० कोटी डॉलरला घेण्याची घोषणा केली. आता त्याचे ॲप हिंदीत आणि मराठीतही वापरता येते. पान उघडायला पैसे पडत नाहीत. 'प्रीमियम' घ्या असे ॲप वारंवार सुचवते, पण आम्ही एक रुपयाही भरला नाही आणि त्यावाचून काही अडले नाही.

या पेठेत येते कोण, हे आधी ओळखले पाहिजे. येथे नोकरी शोधणारे, नोकरी बदलू पाहणारे आणि माणसे नेमणारे येतात. पाचवीतल्या मुलासाठी गणिताची शिकवणी शोधणारी आई येथे येत नाही. ती शेजारणीला विचारते, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारते. म्हणून ज्या भगिनी लहान मुलांना शिकवतात त्यांनी लिंक्डइनवर वेळ घालवण्यापेक्षा किराणा दुकानाच्या भिंतीवर एक स्वच्छ कागद लावावा. पण मुलाखतीची तयारी, इंग्रजी संभाषण, हिशेबाचे सॉफ्टवेअर, करिअर मार्गदर्शन असे काही शिकवायचे असेल, तर तुमचा विद्यार्थी या पेठेत रोज फिरत असतो.

नावाखालची ओळ

लिंक्डइनवर नावाखाली जी ओळ असते तिला हेडलाइन म्हणतात. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे. कोणी शोध घेतला, आपण कोणाला निमंत्रण पाठवले किंवा कोठे दोन शब्द लिहिले, तर नावासोबत ही ओळ दिसते. पूर्ण पान नंतर उघडते, आणि तेही ओळ वाचून वाटले तर. म्हणजे ही दुकानावरची पाटी झाली.

बहिणीच्या पाटीवर तिची पदवी होती, पण ग्राहकाला काय मिळेल ते नव्हते. आम्ही तिला तीन प्रश्न विचारले. शिकवणार कोणाला? त्याचे कोणते काम होणार? आणि कसे शिकवणार? पहिल्याच प्रश्नाला तिचे उत्तर आले, "कुणालाही. जो येईल त्याला."

मग आम्ही तिला आमच्या बाजारातल्या शिंप्यांची आठवण करून दिली. एकाच्या पाटीवर 'सर्व प्रकारचे कपडे शिवून मिळतील' असे आहे. त्याच्या शेजारच्याने 'बुरखा, अबाया व लहान मुलींचे फ्रॉक' एवढेच लिहिले आहे. अबाया शिवायचा असेल तर आपण बायका कोणाकडे जातो? ती हसली. मग तिने ज्या सात जणांना शिकवले होते त्यांची यादी काढली. चार अकाउंटंट, दोन टेक्निशियन, एक नर्स. सगळ्यांना जायचे होते आखातात. ओळ तयारच होती:

'आखातात नोकरी शोधणाऱ्या अकाउंटंट, टेक्निशियन व नर्सना इंग्रजी मुलाखतीची तयारी करून देते. ऑनलाइन, एका वेळी एकच विद्यार्थी. मराठी, हिंदी व उर्दूतून समजावून सांगते.'

पानावर ही ओळ इंग्रजीत गेली, पण विचार आधी मराठीत केला म्हणून ती सुटसुटीत झाली. शेवटचे वाक्य ठेवायला बहीण तयार नव्हती. इंग्रजीच्या शिक्षिकेने उर्दू-मराठीचे नाव कशाला काढायचे, असे तिला वाटत होते. आमचे मत उलटे पडले. जो माणूस इंग्रजीला घाबरतो त्याला आपली चूक आपल्या भाषेत समजावणारे कोणी हवे असते. ज्याला ते नको त्याला शहरात शंभर क्लास आहेत.

मधली रिकामी वर्षे

'गृहिणी' या शब्दात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण नोकरी सोडल्यानंतरची वर्षे पानावर रिकामी दिसली की वाचणाऱ्याच्या मनात शंका येते. आमच्या किती तरी भगिनींची हीच अडचण असते. बाळंतपण, आजारी सासू-सासरे, शौहरची बदली, यांत वर्षे जातात आणि मग त्या वर्षांविषयी काय लिहावे ते सुचत नाही. काही जणी जुन्या नोकरीचे साल पुढे ओढतात. ते करू नये. शाळेत एक फोन गेला की ते उघडे पडते.

लिंक्डइनने २०२२ साली यासाठी 'करिअर ब्रेक' नावाची सोय केली. अनुभवाच्या यादीतच आपण काम का थांबवले ते नोंदवता येते. मुलांचे संगोपन, आजारी माणसाची सेवा अशी कारणे तेथे निवडता येतात. बहिणीने सेवा हे कारण निवडले आणि खाली एक ओळ लिहिली, 'घरातील वडीलधाऱ्यांची देखभाल; याच काळात सात जणांना मुलाखतीसाठी इंग्रजी शिकवले.' आठ महिने लपवून ठेवलेली गोष्ट दोन मिनिटांत सांगून झाली.

फोटोचा प्रश्न

फोटो लावावा की नाही यावर घरात थोडी चर्चा झाली. हे प्रत्येक घराने आपले आपण ठरवायचे असते. आम्ही फक्त माहिती सांगतो. फोटो कोणाला दिसावा हे सेटिंगमध्ये ठरवता येते. फक्त आपण जोडलेल्या माणसांना, त्यांच्या ओळखीच्यांनाही, सर्व सदस्यांना किंवा कोणालाही. अनोळखी माणूस पैसे देण्याआधी समोर खरेच कोणी आहे ना, याची खात्री शोधतो. त्यामुळे फोटो असला तर विश्वास लवकर बसतो, हे खरे.

बहिणीने हिजाबमधला साधा फोटो लावला आणि तो सर्व सदस्यांना दिसेल असे ठेवले. ज्यांना चेहरा दाखवायचा नसेल त्यांनी इंटरनेटवरून कोणा दुसरीचा फोटो उचलू नये, फुलांचेही चित्र लावू नये. त्याऐवजी फोटोमागच्या रुंद पट्टीत आपल्या कामाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे. भारतात डिजिलॉकरमधील आधारच्या साहाय्याने ओळख पडताळून घेण्याची सोयही लिंक्डइनवर आहे. पडताळणी झाली की नावाशेजारी तशी खूण येते.

आम्ही लिहिले 'शेकडो'

आता आमची चूक सांगतो. पानावर 'अबाउट' नावाचा भाग असतो. त्यात २,६०० अक्षरे लिहिता येतात, पण उघडल्याबरोबर पहिल्या दोन-चार ओळीच दिसतात. बाकीचे वाचायला बोट लावावे लागते. म्हणून पहिल्या ओळी जोरदार हव्यात असे आम्हाला वाटले, आणि आम्ही लिहून दिले, 'शेकडो विद्यार्थ्यांना यशाची वाट दाखवणाऱ्या अनुभवी मार्गदर्शिका.'

नऊ वर्षांत शाळेतून शेकडो मुले तिच्या हाताखालून गेलीच होती. आम्हाला ते खोटे वाटले नाही. पण वाक्य मुलाखतीच्या तयारीखाली होते आणि वाचणारा त्याचा अर्थ तसाच घेणार होता.

पंधरा दिवसांनी सौदीतल्या दम्माम शहरातून एका इंजिनिअरचा संदेश आला. भाषा अदबीची होती. तुमचे काम आवडले, फीची अडचण नाही, फक्त तुमच्या शेकडो विद्यार्थ्यांपैकी दोघांशी मला बोलता येईल का, असे त्याने विचारले होते. रात्री अकराला बहिणीचा फोन आला. "बाजी, काय लिहू?"

आम्ही म्हणालो, "जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर राहिले नाहीत असं कळव."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पहिल्याच माणसाशी खोटं बोलून सुरुवात करू? तो तर आपला पैसा, आपली नोकरी माझ्या भरवशावर सोडणार."

तिने खरे ते लिहिले. शेकडो विद्यार्थी शाळेतले, मुलाखतीची तयारी सात जणांची, आणि त्यांतल्या दोघांची परवानगी घेऊन मी त्यांचा नंबर देऊ शकते. त्या इंजिनिअरचे उत्तर आले नाही. पुन्हा कधीच आले नाही. वीस वर्षे मुलांच्या वहीत 'नक्कल करू नये' असा शेरा मारणाऱ्या आम्हाला त्या रात्री धाकट्या बहिणीपुढे मान खाली घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून पहिल्या ओळी बदलल्या. 'मुलाखतीत उत्तर माहीत असते, पण इंग्रजीत शब्द सापडत नाहीत. अशा सात जणांबरोबर मी काम केले आहे. त्यांपैकी चौघांना नोकरी मिळाली. पहिल्या तासाला मी तुमची नमुना मुलाखत घेते, चुका लिहून देते, आणि किती तास लागतील ते सांगते.' आकडा लहान झाला, पण आता कोणी विचारले तर रात्री फोन करायची गरज उरली नव्हती.

अशा दाव्यांची बाब आता सरकारनेही मनावर घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देऊ नये, विद्यार्थ्याचे नाव आणि फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय जाहिरातीत वापरू नये, असे त्यांत आहे. ती पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या क्लासना लागू आहेत. घरच्या एका खोलीत शिकवणाऱ्या भगिनीला नियम लागू नसला, तरी तिचा विद्यार्थी तेवढाच कष्टाचा पैसा देत असतो.

शिफारस मागावी कशी?

लिंक्डइनवर 'रेकमेंडेशन' म्हणजे शिफारसपत्राची सोय आहे. ती दुसऱ्या माणसाने स्वतःच्या खात्यावरून लिहायची असते आणि आपण मान्य केल्यावर ती पानावर दिसते. त्यासाठी तो माणूस आपल्याशी जोडलेला असावा लागतो. सात जणांपैकी तिघांचीच तेथे खाती होती. तिने तिघांनाही विनंती पाठवली. एकाने लिहिले, 'मॅडम फार चांगल्या आहेत.' अशा शिफारशीचा उपयोग नाही, कारण ती कोणालाही लागू पडते.

मग तिने बाकी दोघांना नेमके विचारले. शिकण्याआधी मुलाखतीत तुम्ही कोठे अडत होता आणि नंतर काय बदलले, एवढेच लिहा. दोहाला गेलेल्या अकाउंटंटने चार ओळी लिहिल्या. 'स्वतःविषयी सांगा' या प्रश्नाला तो आपल्या गावापासून आणि वडिलांच्या नावापासून सुरुवात करीत असे. आता तो आपल्या कामापासून सुरुवात करतो. त्या चार ओळींनी आमच्या सगळ्या विशेषणांपेक्षा जास्त काम केले.

काही घरांत मेहुणा, चुलतभाऊ, मैत्रीण यांच्याकडून शिफारशी लिहवून घेतल्या जातात. आडनाव एकच दिसले की वाचणारा समजायचे ते समजतो.

वेळ, फी आणि फोन

'सर्व्हिसेस' या भागात आपण कोणती सेवा देतो ते नोंदवता येते. तेथे आपल्या वेळा लिहाव्यात. आखातातील विद्यार्थी असेल तर घड्याळाचा हिशेब आधीच करावा. अमिराती आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी, कुवेत आणि कतार अडीच तास मागे. तेथला माणूस कामावरून येऊन संध्याकाळी साडेसातला बसला, तर सौदीच्या हिशेबाने आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात. बहिणीने रात्रीचे दोनच दिवस ठेवले आणि बाकी तास सकाळी. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार. त्यामुळे शनिवारची सकाळ सर्वांना सोयीची पडली. अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे कॉल चालत नाहीत, म्हणून तास झूमवर ठेवले.

फी पानावर लिहावी की नाही यावर मते वेगळी असू शकतात. बहिणीने ती लिहिली, म्हणजे घासाघीस करणाऱ्यांचे संदेश कमी झाले. घरचा पत्ता मात्र लिहू नये. फोन नंबर द्यायचाच तर कामासाठी वेगळा घ्यावा. कोणी 'चुकून जास्त पैसे पाठवले, परत करा' म्हणाला किंवा ओटीपी मागू लागला, तर बोलणे तेथेच थांबवावे. शिकण्याऐवजी इकडच्या-तिकडच्या गप्पा मारणाऱ्याला उत्तर देऊ नये. ब्लॉक करण्याची सोय त्यासाठीच आहे.

पान झाले, पुढे काय?

पान सुधारल्यावर लगेच विद्यार्थी आले असे समजू नका. दुकान उघडले तरी गल्लीतून माणूस जावा लागतो. बहिणीने आठवड्यातून एकदा, रविवारी, एक छोटी गोष्ट लिहायला सुरुवात केली. शिक्षिकेला विषय शोधावे लागत नाहीत. चुका तिच्यापुढे रोज येतात. आपल्याकडचे बहुतेक उमेदवार 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतात. तिने दाखवले की येथे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हवे. 'सिन्स' कधीपासून ते सांगते, 'फॉर' किती काळ ते सांगते. मराठीत 'पासून' आणि 'वर्षे' वेगळे असतात तसेच. एवढेच. पाच-सहा ओळी, खाली एक सराव.

दोहाच्या त्या अकाउंटंटने यातली एक नोंद आपल्या कार्यालयातल्या मित्राला पाठवली. तोच तिचा फी देणारा पहिला विद्यार्थी. म्हणजे सरतेशेवटी माणूस माणसाच्या ओळखीनेच आला. पण त्या मित्राने आधी तिचे पान उघडले होते. पहिल्या तासाला त्याने स्वतःच सांगितले की सात जणांचा आकडा वाचून त्याला हायसे वाटले. तो म्हणाला, शेकड्यात मी हरवलो असतो.

आज तिच्याकडे पाच विद्यार्थी आहेत. मोठी कमाई नाही, पण सासूबाईंच्या औषधांचा आणि मुलांच्या शाळेचा खर्च त्यातून निघतो. शौहरनी तिच्या तासांच्या वेळी स्वयंपाकघर सांभाळायला घेतले आहे, हेही सांगितले पाहिजे.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरातही एखादी शिकलेली मुलगी, सून किंवा भावजय असेल, जिची पदवी कपाटातल्या फाइलीत पडून आहे. एखाद्या संध्याकाळी तिच्याजवळ बसा. ती कोणाला काय शिकवू शकते, हे तिला विचारा. उत्तर एका ओळीत लिहा आणि ती ओळ घरातल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. त्याला ती पहिल्या वाचनात कळली, आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दाबद्दल कोणी विचारले तर उत्तर देता येईल याची तुमची खात्री असली, तर पान उघडायला हरकत नाही.

मागच्या आठवड्यात बहिणीने पानावरचा सातचा आकडा बदलला. एक जण तीन तासांनंतर यायचा थांबला होता. "त्याला धरायचं का गं?" असे तिने फोनवर विचारले. आम्ही उत्तर देण्याआधीच तिने त्याला वगळून पंधरा असे लिहिले होते.